वर्षाच्या आढाव्यात अल्बमांनाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या, २९ डिसेंबरच्या अंकासोबत आलेली २०२४ या वर्षाच्या आढाव्याची पुरवणी मी गिरणीच्या गल्ल्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. राजकारण, क्रिकेट, सिनेमा, वेबमालिका, पुस्तकं, नवे मोबाईल, सगळं होतं. संगीत दोनच ठिकाणी सापडलं. एक म्हणजे रील्सवर गाजलेल्या गाण्यांची चौकट. आणि दुसरं, वर्षभरात गेलेल्या माणसांचं पान. तिथं गायक रशीद खाँ होते, प्रभाताई अत्रे होत्या, पंकज उधास, सारंगीवाले रामनारायण आणि शेवटी तबलावाले झाकीरभाई. प्रत्येकाच्या फोटोखाली जन्म, मृत्यू आणि पुरस्कार. यांचं काय ऐकावं, कुठनं सुरुवात करावी, याची एक ओळ नाही. पुस्तकांच्या पानावर मात्र दहा वाचकांनी आपापलं आवडतं पुस्तक सांगितलंय, प्रत्येकानं का आवडलं तेही लिहिलंय. ते पान मला फार आवडलं, आणि ते वाचूनच हे पत्र लिहायला बसले. संगीताचं असं पान का नको?

माझी मंगळवार पेठेत पिठाची गिरण आहे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेली, त्यांच्यानंतर मी चालवते. सकाळी सातला मोटर सुरू होते ती रात्री आठला बंद. दिवसभर कानात दगडाची घरघर असते, आणि लोकांना वाटतं की अशा बाईला गाण्यातलं काय ऐकू येणार. उलट आहे. अण्णांची हार्मोनियम अजून माळ्यावर आहे. दगड घुमतो तो सूर मी त्यावर धरून बघितलाय, काळी एकच्या जवळ येतो. वरनं दाणे एकदम जास्त पडले की मोटरवर ताण येतो आणि सूर उतरतो. मी गल्ल्यावर पाठमोरी बसलेली असले तरी मला कळतं की कामाच्या पोरानं हॉपर गच्च भरलाय. तेरा तास एकाच सुरात बसल्यावर आठ वाजता मोटर थांबते, तेव्हा जी शांतता होते ती मी कुणाला सांगून कळणार नाही. त्या शांततेत मी माळ्यावर जाते आणि एक अल्बम लावते. एकच. पहिल्यापासून शेवटपर्यंत. माळ्यावर चारी बाजूंनी रिकामी पोती रचलेली आहेत, त्यामुळे आवाज घुमत नाही, नुसता येऊन बसतो. मोठमोठ्या घरांतल्या फरशीवर लावलेल्या भारी स्पीकरपेक्षा माझ्या पोत्यांत तंबोरा चांगला ऐकू येतो, हे मी खात्रीनं सांगते.

उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी १९९१ पासून वर्षाची यादी करते. नियम दोनच. अल्बम अखंड ऐकलेला हवा, तोही तीन वेळा. आणि त्या वर्षी माझ्यापर्यंत पोचलेला हवा. मग तो कधीही निघालेला असो. वर्षाचा अल्बम म्हणजे त्याच वर्षी निघालेला, हा हिशेब दुकानदाराचा झाला.

अल्बम म्हणजे काय, हेही सांगायला हवं, कारण माझा भाचासुद्धा 'गाणी' आणि 'अल्बम' एकच समजत होता. जुन्या तबकड्यांवर एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास मावायचं. मोठी रचना चार-पाच तबकड्यांवर जायची आणि त्या तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या पानापानांच्या जाड वहीत घालून विकायच्या. त्यावरनं अल्बम हे नाव आलं. १९४८ साली लाँग प्ले आली, एका बाजूला वीसएक मिनिटं मिळायला लागली, आणि मग कलावंताला विचार करणं भाग पडलं: आधी काय, मग काय, आणि बाजू पलटायच्या आधी श्रोत्याला कुठं सोडायचं. हा क्रम माझ्या धंद्यातला प्रत्येक माणूस जाणतो. आमच्याकडं येणारी बाई डबा ठेवताना काय विचारते? "आधी काय दळलंय? गव्हावर टाक गं, हरभऱ्यावर नको." हरभऱ्यावर गहू टाकला तर पहिल्या चार ओंजळींची चपाती वेगळीच लागते. ज्वारीवर ज्वारी. उपवासाचं सकाळी सगळ्यांत आधी, दगड झाडून. आधीच्या दाण्याची चव पुढच्या पिठात उतरतेच. गाण्याचंही तसंच आहे, आणि फोनवरचं ॲप नेमकं तेच विसरतं. ते न सांगता गाण्यांचा क्रम विसकटतं, मध्येच साबणाची जाहिरात घुसवतं. एकदा मारुबिहाग रागाच्या विलंबितात, म्हणजे संथ भागात, समेच्या तोंडाशी एक बाई घरकर्जाबद्दल बोलायला लागली. मी फोन पालथा घातला आणि त्या रात्री पुन्हा काही लावलं नाही. महिना पैसे भरायला लागले तेव्हा कुठं जाहिराती थांबल्या.

आता माझी यंदाची यादी.

वर्ष सुरू झालं तेच दुःखानं. ९ जानेवारीला रशीद खाँ गेले, पंचावन्नाव्या वर्षी. चारच दिवसांनी, १३ तारखेला, पुण्यात प्रभाताई. त्या ९१ वर्षांच्या होत्या आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. मी त्या रात्री त्यांची जुनी कॅसेट काढली, ज्यावर मारुबिहाग आणि कलावती हे राग आणि 'कौन गली गयो श्याम' ही ठुमरी आहे. हा अल्बम मी शंभर वेळा तरी ऐकला असेल, पण यादीत कधी घातला नव्हता, कारण तो घरातलाच होता. घरातल्या माणसाचं नाव कोण लिहून ठेवतं? यंदा घातला. पहिल्या नंबरवर.

कॅसेट अण्णांनी आणलेली. तेरा वर्षं टेप बंद होता. लक्ष्मीपुरीतल्या दुरुस्तीवाल्याकडं नेला तर तो म्हणाला, रबरी पट्टा ढिला झालाय, म्हणून सूर लहरतोय. माझ्या गिरणीचा पट्टा ढिला झाला की हेच होतं, त्यामुळे मला पटकन समजलं. नवा पट्टा बसवून आणला, आणि मारुबिहागातला पहिला 'सा' स्थिर लागला तेव्हा मी माळ्यावर एकटीच होते तरी हात जोडले गेले. प्रभाताईंचा आवाज गोड आहे हे सगळेच म्हणतात. मला त्यांचं जे धरून ठेवतं ते वेगळं आहे: त्या घाई करत नाहीत आणि तरी कुठं रेंगाळत नाहीत. 'जागू मैं सारी रैना'मध्ये 'सारी' या शब्दावर आलाप उलगडत जातो तेव्हा रात्र खरोखर लांबते. एवढं रात्रभराचं जागरण झाल्यावर मग कलावती येते, 'तन मन धन', उघड्या अंगणासारखी. आणि शेवटी ठुमरी. हा क्रम उलटा करून बघा. ठुमरी आधी लावली तर मारुबिहाग जड वाटतो. मी करून बघितलंय.

याच कॅसेटच्या वेष्टनावर तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, हे छापलेलं आहे. फोनवर तोच अल्बम उघडला तर नुसतं गायिकेचं नाव. साथीदार गायब. ज्या माणसानं वीस मिनिटं तो विलंबित ठेका एका लयीत धरला, त्याचं नाव कुणीतरी आळसानं गाळलं. तुमच्यासारख्या दैनिकानं वर्षातनं एकदा जरी दहा अल्बमांची नावं साथसंगतीसकट छापली तरी ते मोठं काम होईल.

एप्रिलमध्ये कुमार गंधर्वांची जन्मशताब्दी झाली, ८ तारखेला. त्यावर कार्यक्रम पुष्कळ झाले, तुम्हीही लिहिलंत, म्हणून मी थोडक्यात सांगते: 'मला उमजलेले बालगंधर्व' अखंड ऐका. एका गवयानं दुसऱ्याचं गाणं कसं ऐकलं ते त्यात आहे, नक्कल कुठंही नाही. ऋतूंवर किंवा एकाच कवीवर अख्खा कार्यक्रम बांधण्याची कुमारांची पद्धत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना अल्बम ही गोष्ट परदेशातनं आली असं कधीच वाटणार नाही.

आता जो अल्बम यंदा मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकला, त्याबद्दल. भाचा पुण्यात असतो. जूनमध्ये आला आणि म्हणाला, "आत्ती, हे ऐक की. पाकिस्तानची बाई हाय, अमेरिकेत राहती. तुझ्या आठनंतरच्या टायमाचंच हाय." आरूज आफताब तिचं नाव, लाहोरमध्ये वाढलेली, अल्बमचं नाव 'नाइट रेन' (इथं 'रेन' म्हणजे राज्य, पाऊस नव्हे), ३१ मे रोजी निघालेला. नावात रात्र आहे म्हणून मी आधी जरा नाकच मुरडलं, कारण रात्रीच्या नावावर बरंच काही खपवतात. नऊ रचना, पाऊण तासाच्या थोडं वर. पहिल्या दिवशी मला त्यातलं निम्मं आवडलं नाही. गळा फिरवत नाही, ताना नाहीत, हरकती नाहीत. सरळ, खाली, जवळून गाते. आपल्या सवयीच्या कानाला वाटतं, ही अजून सुरूच झाली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की ती मुद्दाम मागं थांबते. हार्पची तार छेडली जाते, ती विरत जाते, आणि पूर्ण विरायच्या आधी आरूज शब्द ठेवते. विरणाऱ्या तारेवर शब्द ठेवणं फार अवघड आहे. लवकर ठेवला तर तार झाकली जाते, उशीर झाला तर मध्ये भोक पडतं. नऊच्या नऊ रचनांत तिचा एकही शब्द चुकीच्या जागी पडलेला मला सापडला नाही.

या अल्बमात महलका बाई चंदांची शायरी आहे, आणि इथं मला आपल्या वाचकांना थांबवून सांगायचंय, कारण ही बाई आपल्या दख्खनची. हैदराबादच्या निजामाच्या दरबारातली गाणारी, नाचणारी, कवयित्री. उर्दूत जिच्या गझलांचा दिवाण निघाला अशी पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. ती वारली १८२४ साली. म्हणजे यंदा बरोबर २०० वर्षं झाली. हैदराबादेत मौला अली टेकडीच्या पायथ्याशी तिची कबर आहे. दोनशे वर्षांनी तिचे शब्द लाहोरात वाढलेल्या मुलीनं न्यूयॉर्कमध्ये गायले, आणि ते मंगळवार पेठेत माझ्या माळ्यावर पोचले. मराठी वर्तमानपत्रांत याबद्दल मला तरी कुठं काही वाचायला मिळालं नाही. भाचा नसता तर मला कळलंच नसतं. प्रत्येकाला असा भाचा कुठनं मिळणार?

त्यात 'रात की रानी' नावाची रचना आहे. माझ्या गिरणीच्या मागच्या भिंतीला रातराणी आहे. उन्हाळाभर तिच्या पानांवर पीठ बसतं, पानं पांढुरकी दिसतात, आणि जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की एका रात्रीत हिरवी होतात. यंदा ती रात्र आणि ही रचना एकदमच आली. खिडकी उघडी होती. मी त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

अनुष्का शंकर यांचाही एक छोटा अल्बम एप्रिलमध्ये निघाला, तीन भागांच्या मालिकेतला दुसरा. पहाटेच्या आधीच्या अंधाराबद्दलचं नाव आहे. सतार फार कमी वाजते त्यात, आणि जी वाजते ती लांबून येते. ज्यांना जोड-झाला, म्हणजे लय वाढवत नेणारं वाजवणं, हवं त्यांनी तिकडं जाऊ नये. मला दोनदा आवडला, तिसऱ्यांदा थोडा विरळ वाटला, पण नियमात बसतो म्हणून यादीत आहे. याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर भोपळा कोरणारे, तारेचा झंकार खुलवणारी जवारी काढणारे कारागीर बसलेत. त्यांच्या वाद्यांवर वाजलेले अल्बम कोणते, याची यादी कुणी केली तर मी ती पहिली वाचीन.

मराठीतलं यंदाचं एकही नाव अजून का नाही, असं कुणी विचारेल. मी शोधलं. एकेकटी गाणी भरपूर आली, त्यातली काही चांगली होती, गणपतीत आमच्या तालमीसमोर वाजलीही. पण अखंड अल्बम म्हणून हातात धरावं असं यंदाचं मराठीतलं काही माझ्यापर्यंत पोचलं नाही. निघालंच नाही, यावर माझा विश्वास नाही. कुठंतरी एखाद्या पोरीनं वर्षभर राबून आठ अभंगांना चाली लावल्या असतील, पैसे जमवून स्टुडिओ घेतला असेल. तिला रील करता येत नसेल, म्हणून ती माझ्या फोनवर आली नाही. ती वर्तमानपत्रात तरी यायला नको का?

ऑगस्ट महिन्यात मी काहीच ऐकलं नाही. ८ तारखेच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. आमच्या गच्चीवरनं खासबागेवरचं आभाळ तांबडं दिसत होतं, आणि खाली गल्लीत अख्खी पेठ जमली होती, कुणी बोलत नव्हतं. ज्या गायक-नटाचं नाव त्याला आहे त्या केशवरावांची दुसऱ्या दिवशी जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं थिएटर. अण्णांच्या मांडीवर बसून मी पहिलं संगीत नाटक तिथंच बघितलं. मला पदं आठवत नाहीत, पडदा वर जाताना ऑर्गनचा भाता ओढल्याचा श्वास तेवढा आठवतो. 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग १९२१ च्या जुलैत मुंबईला झाला, एका बाजूला केशवराव, दुसऱ्या बाजूला बालगंधर्व, आणि तीन महिन्यांत केशवराव गेले. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण कुणाकडं नाही. आमच्या गावाला याची सवय आहे. ज्या अल्लादिया खाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या पदरी राहून जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथं रुजवली, त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. गायकी कशी होती हे आपण केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावरनं ओळखायचं.

त्या केसरबाईंच्याच आवाजाची यंदाची गोष्ट सांगते, कारण तुमच्या विज्ञानाच्या पानावर ती अर्धी आली होती. व्हॉयेजर १ हे यान २०२३ च्या नोव्हेंबरपासून अगम्य काहीतरी पाठवत होतं, आणि एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवरनं त्याला पुन्हा शुद्धीवर आणलं, ही बातमी तुम्ही छापलीत. त्या यानावर १९७७ पासून एक सोनेरी तबकडी आहे, हेही एका ओळीत होतं. त्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं, हे नव्हतं. कोल्हापूरच्या आवृत्तीत हे राहावं याचं मला वाईट वाटलं.

म्हणून मी ती तबकडी, म्हणजे त्यातलं सगळं संगीत, ओळीनं ऐकलं. २७ रचना, दीड तास. तोही एक अल्बमच आहे, आणि कुणीतरी बसून ठरवलेला. केसरबाईंच्या आधी चीनचं एक वाद्य येतं, साडेसात मिनिटं, पाणी वाहावं तसं. मग ही भैरवी. आणि तिच्या लगेच पुढं एक आंधळा काळा अमेरिकन गायक, ब्लाइंड विली जॉन्सन, शब्द न वापरता नुसता हुंकारत, कण्हत गातो. केसरबाईंचा तो भरदार, सरळ, कुठं न डळमळणारा स्वर कानात असताना हा हुंकार येतो, आणि तुम्हाला वाटतं की 'कुठं निघालास' या प्रश्नाला कुणीतरी अंधारातनं उत्तर देतंय. ज्यानं हा क्रम लावला त्याला ऐकता येत होतं.

आणि ही भैरवी त्यात गेली कशी? रॉबर्ट ब्राउन नावाचे अमेरिकन संगीत-अभ्यासक होते. त्यांना विचारलं गेलं, भारताचं काय घ्यावं, तेव्हा त्यांनी केसरबाईंच्या या तबकडीचं नाव पुढं केलं. तबकडी बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. एका श्रोत्यानं आपल्या आवडीचं नाव ठामपणे सांगितलं, म्हणून ती गेली. त्यानं ते मनात ठेवलं असतं तर खोकं टेबलाखालीच राहिलं असतं.

डिसेंबरचं तुम्हाला माहीत आहे. १५ तारखेच्या रविवारी रात्री झाकीरभाई गेल्याची बातमी आली, मग नाही म्हणाले, मग सोमवारी सकाळी खरी ठरली. मी सातला मोटर सुरू केली होती. आमच्याकडं पहिल्यापासून ज्वारी आणणारे एक आजोबा आहेत, शाहिरांच्या मागं ढोलकी वाजवलेले. डबा ठेवून म्हणाले, "झाकीर गेला म्हणं." मग पायरीवर बसले आणि दळप होईपर्यंत उठले नाहीत. बोटं मांडीवर चालली होती, अगदी हळू. पीठ घेऊन जाताना पैसे द्यायचे विसरले, मीही मागितले नाहीत.

याच वर्षी, ४ फेब्रुवारीला, झाकीरभाईंना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाले होते, कोणाही भारतीयाला पहिल्यांदाच. तेव्हा तुम्ही फोटो छापलात, डिसेंबरात पुन्हा छापलात. ते तीन पुरस्कार दोन अल्बमांसाठी होते, आणि दोन्ही २०२३ चे. एक त्यांच्या 'शक्ती' या बॅंडचा 'धिस मोमेंट', १९७७ नंतर ४६ वर्षांनी स्टुडिओत केलेला, त्यात मॅंडोलिनवाल्या श्रीनिवासची आठवण आहे. चांगला आहे. पण माझ्या यादीत दुसरा आहे: 'ॲज वी स्पीक'. चौघं बसलेत. बेला फ्लेक बॅंजोवर, एडगर मायर डबल बासवर, राकेश चौरसिया बासरीवर, हरिप्रसादजींचे पुतणे, आणि झाकीरभाई. गायक नाही, त्यामुळे तबल्याला कुणाच्या मागं जायचं नाही आणि पुढंही यायचं नाही.

मी हा अल्बम १६ तारखेच्या रात्री पहिल्यांदा ऐकला, हे कबूल करते. मला तो फेब्रुवारीतच कळायला हवा होता. झाकीरभाईंचं वेगवान वाजवणं सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलंय. इथं ऐकण्यासारखं आहे ते त्यांचं थांबणं. डबल बास खर्जात एक लांब स्वर ओढतो, आणि झाकीरभाई डाव्या हाताच्या मनगटानं डग्ग्यावर दाब देत त्याच स्वराच्या शेजारी घुमारा नेऊन ठेवतात, वर चढवतात, आणि सोडून देतात. दोन्ही खर्ज एकमेकांत मिसळतात आणि क्षणभर कळत नाही कातडं कुठलं आणि तार कुठली. उजव्या हाताची चाट अगदी हलकी, किनारीवर टिचकी मारल्यासारखी. बॅंजोची तार तुटक वाजते, ती विरायच्या आत तबला तिच्याखाली आधार देतो. चौघांत सगळ्यांत नावाजलेला माणूस सगळ्यांत जास्त ऐकतोय, हे कानाला कळतं. माळ्यावरचा दिवा मी बंद केला होता. अल्बम संपला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून लावला, मग तिसऱ्यांदा. नियम एका रात्रीत पुरा झाला. असं तेहतीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

तर माझी मागणी अशी आहे. पुढच्या डिसेंबरात एक पान द्या. समीक्षकांना विचारू नका असं म्हणत नाही, पण दहा साध्या श्रोत्यांना विचारा. गडहिंग्लजचा एखादा एसटी कंडक्टर, इचलकरंजीचा मागावरचा कामगार (मागाच्या खडखडाटात राहणाऱ्याचा कान कसा असतो ते मला माहीत आहे), कागलची एखादी नर्स, देवल क्लबात गाणं शिकणारं एखादं पोर. प्रत्येकानं एकच अल्बम सांगावा. का आवडला ते पाच ओळींत. किती वेळाचा आहे, साथीला कोण आहे, कुठं ऐकायला मिळेल, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं कुठपर्यंत धीर धरावा. नवा असो की जुना, मराठी असो की कुठलाही. जाहिरात म्हणून पाठवलेलं काही घेऊ नका. आणि रील्सची चौकट राहू द्या की, तिला माझा विरोध नाही, तिच्याशेजारी एवढी जागा करा.

माझी यंदाची यादी वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहे, साथीदारांच्या नावांसह. जागेअभावी सगळी छापता आली नाही तर प्रभाताईंचं आणि आरूज आफताब यांचं नाव तेवढं ठेवा, बाकीचं गाळलंत तरी चालेल.

वहीत २०२५ चं पान मी आखून ठेवलंय, त्यावर अजून काही नाही. यंदाचा एखादा मराठी अल्बम माझ्याकडनं निसटला असेल तर ज्यानं ऐकलाय त्यानं कृपा करून गिरणीत येऊन सांगावं. आठनंतर यावं, मोटर बंद असते.

आपली नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे)